खाडीपलीकडचा जोडीदार

दुबईत मला नोकरी लागली ती बर्फात. सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, आईस्क्रीमचा कारखाना असेल. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. नवरा एसीच्या कंपनीत इंजिनिअर, मुलगी पहिलीत, आणि मी बर दुबईच्या फ्लॅटमध्ये दुपारभर खिडकीतून समोरच्या शिंप्याचं दुकान बघत बसलेली. अशात एका हॉटेलच्या स्केटिंग रिंकवर काउंटरला बाई हवी असल्याचं कळलं. इंग्रजी आणि हिंदी बोलणारी, पोरांवर न खेकसणारी. या शेवटच्या अटीबद्दल नवऱ्याला शंका होती, पण मॅनेजरने त्याला विचारलं नाही.

काम सोपं होतं. येणाऱ्याच्या पायाचं माप विचारायचं, स्केट्स द्यायचे, शिकवणीच्या वेळा लावायच्या, आणि पडलेल्या पोराच्या आईला "काही झालं नाहीये" हे चार भाषांत सांगायचं. बाहेर डांबर वितळायचं आणि मी आत पुण्याहून मागवलेला लोकरी स्वेटर घालून नाक पुसत बसायची. घरी जाताना बसमध्ये लोक माझ्या हातातल्या स्वेटरकडे अशा नजरेने बघायचे की मी तो पिशवीच्या तळाशी कोंबायला शिकले.

एका मे महिन्यात आमच्याकडे रशियन कोच आली. लहानखुरी, केस घट्ट मागे बांधलेले, वय तिशीच्या अलीकडचं. आमचा लेबनानी मॅनेजर तिला सगळं दाखवत हिंडत होता, हे ऑफिस, ही चेंजिंग रूम, हा कॅफे. तिचं लक्षच नव्हतं. ती कठड्यापाशी गेली, वाकली आणि बर्फावर हाताचा तळवा टेकवून थोडा वेळ तशीच राहिली.

"वाईट बर्फ," ती म्हणाली. मॅनेजरचा चेहरा पडला. "पण बर्फ."

तिचं इंग्रजी मोडकं होतं. त्यात महिन्याभरात अरबी 'यल्ला', म्हणजे 'चला', आणि 'खलास' मिसळले, माझ्यामुळे 'अच्छा' आणि 'अगं' मिसळले, आणि आमचं छान चालू लागलं. इथे मी ते सगळं मराठीतच लिहिते आहे.

पहिल्याच आठवड्यात मॅनेजरने तिला विचारलं, "तुला हवेत फेकणारा पार्टनर कुठाय?" तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आपण शास्त्रीय गाणाऱ्या बाईला ऑर्केस्ट्रात गाता का विचारलं तर ती बघेल. "फेकतात ते वेगळे," ती म्हणाली. "आम्ही नाचतो."

हा फरक मला कळायला बराच वेळ लागला. आइस डान्समध्ये उंच फेकाफेकी नसते, मोठ्या उड्या नसतात. एक बाई आणि एक पुरुष असतात आणि त्यांनी एकमेकांपासून फार लांब जायचं नसतं. दोघांचे गुडघे सारखे वाकले पाहिजेत, वळण एकाच क्षणी घेतलं पाहिजे, आणि हे सगळं पायाखाली सुरीसारखी पाती बांधून. ती म्हणायची, "पाती इतकी जवळ असतात, की मनात राग असला तर पायाला लागतो."

तिने माझ्या मुलीला शिकवायला घेतलं. मुलगी पहिले दोन महिने रोज तक्रार करायची. "आई, शी डझन्ट लेट मी स्पिन. ओन्ली एजेस, एजेस, एजेस!" पात्याच्या आतल्या धारेवर जा, बाहेरच्या धारेवर जा, पुन्हा आतल्या. मी मराठीत समजूत काढायची, ती इंग्रजीत वैतागायची, आणि रशियन बाई दोन्हींकडे लक्ष न देता म्हणायची, "पुन्हा."

श्रावणात माझ्या एका मैत्रिणीकडे मंगळागौर होती, शारजात अल नहदाला. रशियन बाईला सुट्टीच्या दिवशी जायला कुठे नसायचं, म्हणून तिलाही घेऊन गेले. सोफे भिंतीला लावलेले, नवऱ्यांना घराबाहेर काढलेलं, नऊवारी नेसलेल्या पंधरावीस बायका. ती कोपऱ्यात बसून मटकीची उसळ खात होती आणि टक लावून बघत होती. फुगड्या सुरू झाल्या तशी तिने ताटली बाजूला ठेवली.

"हे मला येतं," ती म्हणाली.

माझी यजमानीण मैत्रीण चांगली धष्टपुष्ट. तिने हौसेने हात पुढे केले. रशियन बाईने हातांची अढी घातली, पाय जुळवले, पाठ मागे टाकली आणि जी गरगरली, की मैत्रिणीच्या तोंडून उखाणा तर सोडाच, "अगं, थांबवा हिला कोणीतरी!" एवढंच बाहेर पडलं. सगळ्या बायका टाळ्या पिटत होत्या. थांबल्यावर मैत्रीण सोफ्यावर कोसळली. रशियन बाईला धापसुद्धा लागली नव्हती.

"ती मला तिचं वजन देत नाही," तिने मला सांगितलं. "अर्धं स्वतःकडे ठेवते. मी सोडून देईन अशी भीती वाटते तिला."

मी भाषांतर केलं.

"वजन?" मैत्रीण म्हणाली. "मी देते की! घेणारं कोणी भेटायला नको का?"

परतताना टॅक्सीत मी सहज विचारलं, "तुझे किती जोडीदार झाले?" तिने तीन बोटं वर केली आणि मग बर दुबई आलं तरी बोलतच होती.

दुसरा तिचा नवरा होता. उंच, देखणा, तिच्यापेक्षा बराच मोठा. त्याच्याबरोबर तिने रशियातल्या मोठ्या स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवली. "सकाळी बर्फावर तो, दुपारी बर्फावर तो, संध्याकाळी स्वयंपाकघरात पण तोच," ती म्हणाली. "मी सूप ढवळत असले तरी म्हणायचा, खांदा खाली." नंतर तो अमेरिकेत शिकवायला गेला आणि तिकडूनच त्याने घटस्फोट मागितला. तिसऱ्याबरोबर ती एका दुसऱ्याच देशाकडून खेळली. सोव्हिएत संघ फुटून नवे देश झाले होते, त्यांना खेळाडू हवे होते आणि रशियात खेळाडूंची रांग लागलेली. "झेंडा दुसरा, राष्ट्रगीत पाठ नाही," ती म्हणाली. "म्हटलं, पहिले आलो तर ओठ हलवीन. तशी वेळ आली नाही." त्याचा गुडघा गेला आणि तिची स्पर्धांची कारकीर्द संपली.

"आणि पहिला?"

पहिल्याबद्दल सांगताना तिने खिडकीची काच खाली केली, एसी चालू असताना. व्होल्गाकाठच्या शहरात, दोघंही लहान असताना शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना उंची बघून एकमेकांसमोर उभं केलं होतं. दोघं एकत्र वाढली. एकमेकांचे पडलेले दात त्यांना माहीत होते. एक दिवस सकाळी ती रिंकवर गेली तर तो दुसऱ्या मुलीबरोबर सराव करत होता. तीच पकड, तेच संगीत. त्या मुलीच्या पाठीवर त्याचा हात जिथे असायला हवा बरोबर तिथे होता. तिला कोणी आधी काही सांगितलं नव्हतं. त्यानेही नाही.

"मग तू काय केलंस?"

"स्केट्सच्या नाड्या बांधलेल्या होत्या. सोडल्या."

त्यानंतर ती दोघं कधीच बोलली नाहीत.

त्या हिवाळ्यात हॉटेलने ठरवलं, खरेदीच्या मोसमात रिंकवर शो करायचा. कोचने नाचायचं, सोबत एका फिरत्या आइस शोमधला तरुण येणार होता. पोस्टर छापून आलं. त्यावर कुठलं तरी जुनं चित्र, पुरुषाने बाईला उचलून धरलेलं. आणि मग त्या तरुणाला दुसरीकडे काम मिळालं आणि तो येत नसल्याचा फॅक्स आला.

"मी एकटी नाचते," रशियन बाई म्हणाली.

"हबीबी," मॅनेजर म्हणाला, "पोस्टरवर दोन माणसं आहेत."

दुसऱ्या दिवशी तिने मला मीना बाजारला नेलं, कपड्यांसाठी. आम्ही निळं शिफॉन घेतलं, टिकल्या घेतल्या. दुकानदाराने किती मीटर म्हणून विचारलं तर तिने पुरुषाच्या शर्टाचंही कापड मागितलं.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"बघू," म्हणाली, आणि बाजारातून निघून थेट खाडीकडे चालू लागली.

मला आश्चर्य वाटलं. इतक्या महिन्यांत ती कधी अब्र्यात, खाडी ओलांडायच्या होडीत, बसली नव्हती. मी कितीदा म्हटलं होतं, चल, पलीकडे देराला जाऊ, तिथे तुमच्या रशियन पाट्यांची दुकानं आहेत, भाषा समजणारं कोणीतरी भेटेल. दर वेळी ती नाही म्हणायची. मी समजले होते, बाईला पाण्याची भीती. ती लाकडी होडी दिसायलाच तशी, कठडा नाही, काही नाही. पण त्या दिवशी ती माझ्याआधी उडी मारून चढली आणि नावाड्याला म्हणाली, "यल्ला."

मध्यावर आल्यावर तिने सांगितलं, "तो तिकडे आहे. पहिला. आईने फोनवर सांगितलं होतं. मी इथे यायच्या आधीपासून आहे तो."

मी म्हटलं, "अगं!"

"हं," ती म्हणाली. "अगं."

त्या काळात देरामध्ये रशियन व्यापाऱ्यांची झुंबड असायची. टीव्ही, फरचे कोट, टेपरेकॉर्डर, जे मिळेल ते गाठोडी बांधून विमानाने न्यायचे. त्यांचा माल पाठवणारी कार्गोची दुकानं गल्लोगल्ली होती. त्यातल्या एका दुकानासमोर ती थांबली. आत खोक्यांचा डोंगर, आणि त्यासमोर एक जाडजूड माणूस चिकटपट्टीने खोकं बंद करत होता. गोल चेहरा, मिशा, पुढे आलेलं पोट. या माणसाने कधी नाच केला असेल यावर माझा विश्वास बसला नसता. पण चाहूल लागल्यावर तो वळला तो पूर्ण अंगानिशी, टाचेवर, एकदम हलका. तेव्हा पटलं.

दोघं रशियनमध्ये बोलली. मला अवाक्षर कळलं नाही. ती भराभर बोलत होती आणि तो चिकटपट्टीचं रीळ हातात फिरवत ऐकत होता. मध्येच त्याने पोटावर हात ठेवून काहीतरी विचारलं. ती खांदे उडवून काहीतरी म्हणाली. मग तो माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "हिने तुला सांगितलं असेल, मी वाईट माणूस आहे."

"सांगितलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

"बरोबर सांगितलं," तो म्हणाला आणि आम्हाला बसायला दोन खोकी पुसून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रिंक उघडायच्या आधी तो हजर. स्वतःचे स्केट्स कधीच गेले होते. मी काउंटरवरून सगळ्यात मोठ्या मापाचे भाड्याचे दिले, पोरांनी लाथा मारून मारून टोकं झिजवलेले. तो कठड्याला धरून बर्फावर उतरला. पहिली फेरी बघवत नव्हती. दुसरीत त्याने कठडा सोडला. तिसरीत ती त्याच्या बाजूला गेली आणि न बघता हात पुढे केला. त्यानेही न बघता तो धरला.

मी त्या वेळी स्केट्सच्या कपाटाला किल्ली लावत होते, ती तशीच हातात राहिली. ते काही करत नव्हते, नुसते जात होते. पण गुडघे एकदम वाकत होते आणि एकदम उठत होते, आणि एवढ्या मोठ्या रिंकवर पात्यांचा एकच आवाज येत होता. त्याचं पोट होतं तिथेच होतं. पण त्याकडे लक्षच जाईना.

अर्थात पुढचे आठवडे असे गोड गेले नाहीत. दोघं भांडायची. रशियन भाषेत भांडण ऐकायला फार छान वाटतं, जणू कोणी जड फर्निचर सरकवतंय. मुलं शिकवणीला आली की दोघं गप्प व्हायची, गेली की पुन्हा सुरू. एकदा भांडून ती आत निघून गेली. तो माझ्या काउंटरपाशी येऊन टेकला. मी थर्मासमधला आल्याचा चहा दिला.

"विचार," तो म्हणाला. "तुला विचारायचंय ते दिसतंय."

"का केलंस तसं?"

"आमच्या बाई म्हणाल्या, त्या मुलीबरोबर तू मॉस्कोला जाशील. मला मॉस्कोला जायचं होतं." त्याने चहा फुंकला. "बस, एवढंच."

"गेलास?"

"एक हिवाळा. मग त्या मुलीला माझ्यापेक्षा चांगला मिळाला. मग सैन्य. मग खोकी." आणि कप खाली ठेवत, "हिला आधी सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो. रोज ती येऊन काहीतरी हसण्यासारखं सांगायची."

मी हे तिच्या कानावर घातलं, त्याला न विचारता. आम्ही शिंप्याकडे शर्ट आणायला गेलो होतो. दुसऱ्यांदा कमरेत ढिला करायला दिला होता. ती दारात उभी राहून शर्टावरच्या टिकल्या नखाने खरवडत राहिली.

"मला विचारलं असतं तर मी पण गेले असते," ती म्हणाली. "मॉस्कोला कोण नाही जाणार?" आणि मग शिंप्याला, हिंदीत, "भैया, और थोडा."

एक अडचण उरली होती. पोस्टरवर पुरुष बाईला उचलतो. याची पाठ वर्षानुवर्षं खोकी उचलून बिघडलेली, डॉक्टरने सक्त ताकीद दिलेली. मॅनेजर रोज विचारायचा, "लिफ्ट आहे ना? लोक लिफ्ट बघायला येणार." ती दर वेळी शांतपणे म्हणायची, "लिफ्ट होईल, इन्शाल्ला." मी काळजीत. तिला विचारलं तर म्हणाली, "तू तिकिटं सांभाळ."

शोच्या संध्याकाळी इतकी गर्दी झाली की माणसांच्या उबेने बर्फावर पाणी आलं. कठड्याभोवती अरबी कुटुंबं, रशियन व्यापारी, फिलिपिनो मुली, आमच्या मराठी मंडळाच्या यच्चयावत बायका. मंगळागौरीची मैत्रीण पहिल्या रांगेत, नवऱ्याची शाल पांघरून. देराच्या दुकानातले त्याचे सहकारीही आले होते, आणि ते आधीपासूनच दात काढत होते.

दोघं आली तेव्हा त्याचं पोट बघून थोडं हसू फुटलं. संगीत सुरू झालं तसं ते विरलं. पाण्याच्या पातळ थरावरून जाताना पात्यांमागून तुषार उडत होते, तिचा शिफॉनचा घेर भिजून जड झाला होता, आणि ती दोघं त्या ओल्या बर्फावर एकमेकांभोवती अशी वळत होती की माझी मुलगी, जी एरवी क्षणभर गप्प बसत नाही, तीसुद्धा माझा स्वेटर घट्ट धरून उभी होती. "आई, एजेस," ती पुटपुटली. "इट्स ऑल एजेस."

आणि मग तो क्षण आला. संगीत चढलं, तिने वेग घेतला, गुडघे खोल वाकवले, मांडी पुढे केली, त्याच्या कमरेला हात घातला आणि तिनेच त्याला उचललं. तो अख्खा माणूस, मिशांसकट, तिच्या मांडीवर बसून, दोन्ही हात पसरून, चेहऱ्यावर राजासारखा भाव घेऊन रिंकच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाला.

मग जो आरडाओरडा झाला! देराची मंडळी बाकांवर चढली. एक अरब आजोबा काठी आपटून हसत होते. मैत्रीण ओरडली, "अगं बाई, हिने घेतलं की गं वजन!" मॅनेजरने आधी डोक्याला हात लावला आणि मग आजूबाजूच्या पाहुण्यांना सांगायला लागला, की ही कल्पना त्याचीच.

शो मोसमभर चालला. रोज लोक तेवढ्यासाठी यायचे. मोसम संपल्यावर तो पुन्हा खोक्यांकडे गेला, पण शुक्रवारी सकाळी यायचा. मुलग्यांना शिकवायचा, कारण एकट्या बाईकडून मुलग्यांना मुलीची पाठ कशी धरायची ते कळत नाही, असं तिचं मत. त्याच्या हाताखाली मुलगे आश्चर्यकारक सभ्य झाले. कोणी जोडी बदलायची म्हटलं, तर आधी जुन्या जोडीदाराला समोर उभं करून, तोंडाने सांगायला लावायचा. लहान पोरं रडायची. तो वाट बघायचा.

आमच्या मंडळाच्या बायकांना साहजिकच दोघांचं लग्न लावायचं होतं. हळदीकुंकवाला कोणी ना कोणी विषय काढायचंच. शेवटी मीच धीर करून विचारलं.

ती पोट धरून हसली. "एका जोडीदाराशी लग्न करून बघितलंय. याच्याशी मी आता कुठे बोलायला लागलेय, ते पुरं होऊ दे."

पुढे आम्ही अल नहदाला राहायला गेलो. शारजा-दुबई रस्त्यावरच्या गर्दीत माझी अर्धी नोकरी गाडीतच होऊ लागली, तेव्हा मी रिंक सोडली. मुलीने दहावीच्या आसपास स्केट्स कपाटात ठेवले आणि बास्केटबॉल धरला. देराचा तो एका आर्मेनियन बाईशी लग्न करून तिकडेच स्थिरावला. लग्नात रशियन बाई वराच्या बाजूने आली होती आणि मी तिच्या बाजूने. दोन हजारनंतर दोन-तीन वर्षांनी तिला उत्तर युरोपात एका क्लबमध्ये काम मिळालं, आणि ती गेली.

अधूनमधून फोन करायची. पहिल्या हिवाळ्यात आला तेव्हा आवाज उत्साहाने नुसता फुटत होता. प्रौढांच्या वर्गात तिला एक जोडीदार मिळाला होता, निवृत्त बस ड्रायव्हर, बायको वारलेली, आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर उतरलेला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"भयंकर," ती आनंदाने म्हणाली. "डावं-उजवं कळत नाही. वळायच्या आधी हात बाहेर काढून दाखवतो."